कापसाच्या बोंडांतील पेशी

दिवाळीच्या सुमारास आमच्या जालना जिल्ह्यांतील कापूसवाल्या शेतकऱ्याच्या घरीं गेलांत, तर ओसरीवर वेचलेल्या कापसाचा ढीग दृष्टीस पडेल. त्या ढिगांतील एक सरकी उचलावी आणि तिच्यावरील एकच तंतु चिमटींत धरून उजेडासमोर न्यावा. सुमारें एक इंच लांबीचा आणि डोक्याच्या केसाहूनही बारीक असा तो तंतु म्हणजे एक पेशी आहे, असें सांगितलें तर पुष्कळांना आश्चर्य वाटेल. पेशी म्हटली म्हणजे ती डोळ्यांना न दिसणारी, हा आपला शाळेंतला समज. परंतु कापसाच्या शेतांत वेचणी करणारी बाई मुठीमुठीनें पेशीच वेचीत असते, हें अक्षरशः खरें आहे. आपल्या अंगावरचें सुती वस्त्र अशा असंख्य मृत पेशींच्या भित्तींचेंच विणलेलें असतें.

या पेशीचें ज्ञान माणसाला कसें झालें, आणि तें ज्ञान जालन्याच्या काळ्या रानांत येऊन पोंचल्यावर काय घडलें, हा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे. मी शाळामास्तर, संशोधक नव्हे. परंतु हा विषय मीं वर्षानुवर्षें शिकविला आणि त्यांत माझीही एक चूक झाली. ती शेवटीं सांगेन.

कथेचा आरंभ दूर युरोपांत होतो. १६६५ सालीं रॉबर्ट हूक या इंग्रज गृहस्थाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानें बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून पाहिला होता, तेव्हां त्याला मधाच्या पोळ्यासारखे लहान लहान कप्पे दिसले. त्यांना त्यानें कोठडी या अर्थाचें नांव दिलें. इंग्रजींत तेंच नांव अद्याप चालत आहे. हूकनें पाहिलेले कप्पे रिकामे होते, कारण बुचांतील पेशी मेलेल्या असतात. त्यानंतर दहाएक वर्षांच्या आंत हॉलंडांतील डेल्फ्ट गांवच्या लेव्हेनहूक यानें पाण्याच्या थेंबांत हिंडणारे जिवंत सूक्ष्म जीव पाहिले. हा मनुष्य धंद्यानें कापडाचा व्यापारी. कापडाचें सूत पारखण्यासाठीं त्या धंद्यांत भिंग वापरीत असत. त्याच भिंगाची त्यानें पराकाष्ठा केली. कापसाच्या पेठेंत वाढलेल्या आम्हां जालनेकरांना ही गोष्ट विशेष जवळची वाटते.

पुढें दीडशें वर्षें या ज्ञानाची चाल मंद राहिली. १८३१ सालीं रॉबर्ट ब्राउन यानें वनस्पतींच्या पेशींत केंद्रक असतें, ही गोष्ट विद्वानांच्या नजरेस आणली. १८३८ त श्लायडेन यानें वनस्पतींविषयीं आणि १८३९ त श्वान यानें प्राण्यांविषयीं असा सिद्धांत मांडला कीं, सर्वांचीं शरीरें पेशींचीं बनलेलीं आहेत. मात्र नवी पेशी कोठून येते, याविषयींची त्यांची कल्पना चुकीची होती. प्रत्येक पेशी पूर्वींच्या पेशींतूनच जन्मते, हें सूत्र फिर्खो या जर्मन वैद्यानें १८५५ त लोकांपुढें ठेवलें. १८८२ त फ्लेमिंग यानें, पेशी दुभंगतांना केंद्रकांतील रंग धरणारे धागे दोन भागांत कसे वांटले जातात, याचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. त्या धाग्यांना आपण आज गुणसूत्रें म्हणतों. आईबापांचे गुण मुलांत उतरतात ते यांच्याच द्वारें, हें विसाव्या शतकाच्या आरंभीं स्पष्ट झालें.

आतां कापसाच्या फुलाकडे येऊं. ज्या दिवशीं फूल उमलतें, त्याच सुमारास आंतील कोंवळ्या बीजांडाच्या पृष्ठभागावरील कांहीं पेशी फुगून वर येऊं लागतात. एकेका सरकीवर अशा दहा हजारांहून अधिक पेशींचे तंतु होतात. प्रत्येक पेशीच्या पोटांत पाण्यानें भरलेली एक मोठी पिशवी असते. तिला रिक्तिका म्हणतात. तिच्यांतील दाबानें पेशी लांबत जाते, आणि एकदांही न दुभंगतां सुमारें तीन आठवड्यांत आपल्या रुंदीच्या हजारपटीहून अधिक लांब होते. या अवधींत पेशीच्या आंत मोठें काम चाललेलें असतें. काय घडवावयाचें याची आज्ञा केंद्रकांतील गुणसूत्रांकडून येते. तंतुकणिका साखरेच्या ज्वलनांतून शक्ति पुरवितात. आणि पेशीच्या पातळ पटलांत बसलेलीं प्रथिनें साखरेच्या कणांच्या माळा गुंफून सेल्युलोज तयार करतात. लांबी पुरी होत आली म्हणजे भित्तीला आंतून या सेल्युलोजचे थरावर थर बसूं लागतात. नेमकें याच वेळीं पाणी तुटलें, किंवा लाल्या पडून पानें निकामी झालीं, तर साखर पुरत नाहीं, भित्ति पातळ राहते आणि तंतु कच्चा निघतो. पुढें बोंड फुटतें, पेशी उन्हानें वाळते, तिची पोकळ नळी चपटी होते आणि तिला पीळ पडतो. या पिळामुळेंच एक तंतु दुसऱ्यास धरून राहतो व सूत निघतें. मोंढ्यांतील व्यापारी रुई चिमटींत ओढून धाग्याची लांबी आणि ताकद अजमावतो, तेव्हां त्या पेशीचे दिवस कसे गेले, हेंच तो वाचीत असतो.

पूर्वीं मराठवाड्यांत गावरानी कापूस होत असे. तें देशी झाड काटक. अमेरिकन कापसाचा धागा लांब. दोहोंचा संकर केला तर दोन्हीं गुण एकत्र येतील, असें वाटणें साहजिक होतें. परंतु हा संकर सहजीं साधत नसे, आणि साधला तरी झाड वांझ निघे. याचें कारण पेशींतच सांपडलें. १९२० नंतरच्या दशकांत गुणसूत्रांची मोजदाद झाली, तेव्हां देशी कापसाच्या पेशींत २६ आणि अमेरिकन कापसाच्या पेशींत ५२ गुणसूत्रें आढळलीं. संकराच्या वांट्याला एकाकडून १३ आणि दुसऱ्याकडून २६, मिळून ३९ येतात. त्यांच्या जोड्या जुळत नाहींत, म्हणून बीं धरत नाहीं. शेतकऱ्याच्या अनुभवांतलें कोडें अशा रीतीनें सूक्ष्मदर्शकाखालीं सुटलें.

म्हणून मोठें यश आलें तें प्रथम अमेरिकन कापसाच्याच दोन वाणांच्या संकरांतून. १९७० सालीं गुजराथेंतील सुरत येथें डॉ. सी. टी. पटेल यांनीं 'एच-४' हा वाण दिला. व्यापारी लागवडीसाठीं निघालेला तो जगांतील पहिला संकरित कापूस होय. याचें बियाणें करण्याची रीत मोठ्या कष्टाची आहे. दुपारनंतर उद्यां उमलणारी कळी निवडावयाची, तिच्यांतील पुंकेसर नखानें अलगद काढून टाकावयाचे, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं दुसऱ्या वाणाचे पराग तिच्या स्त्रीकेसराला लावावयाचे. एक एक फूल याप्रमाणें हातानें करावें लागतें, आणि हें काम बहुतांशीं बायकांच्याच हातून होत आलेलें आहे. पाठ्यपुस्तकांत दोन पेशींचा संयोग म्हणून जी आकृति असते, ती या बायांच्या बोटांखालीं दररोज घडते.

याच काळांत जालना हें बियाण्यांचें मोठें केंद्र झालें. येथें बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, स्थापिली. पुढें येथें इतरही बियाणें कंपन्या उभ्या राहिल्या. बारवाले यांना १९९८ सालीं जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जुलै २०१७ मध्यें त्यांचें निधन झालें. 'जालना सोन्याचा पाळणा' ही आमच्याकडील जुनी म्हण. तिला बियाण्यानें नवा अर्थ दिला. मात्र या सोन्याला एक अट होती. संकरित झाडांत पुढची प्रजोत्पादक पेशी तयार होतांना दोन्हीं बाजूंचीं गुणसूत्रें पुन्हां वेगळीं होतात आणि नव्या रीतीनें वांटलीं जातात; म्हणून घरची सरकी पेरली तर पीक एकसारखें येत नाहीं. पूर्वीं बीं घरच्या कणगींतून निघे. आतां तें दरवर्षीं दुकानांतून आणणें भाग झालें.

यानंतर पेशींतील ज्ञानाचा सर्वांत मोठा प्रयोग आला. एक सूक्ष्म जंतु असा आहे कीं, त्याच्या पेशींत तयार होणारें प्रथिन कांहीं अळ्यांना मारक ठरतें. १९०१ सालीं जपानांत रेशमाच्या किड्यांच्या रोगावरून तो इशिवाता यांना सांपडला, आणि पुढें जर्मनींत थुरिंगिया प्रांतांतील पिठाच्या किड्यांत बर्लिनर यांना आढळला. त्या प्रांतावरूनच त्याचें नांव पडलें. आपण ज्याला बीटी म्हणतों तो हाच. अळीच्या आंतड्यांत हें प्रथिन विरघळतें, तेथील पेशींवरच्या ठराविक ग्राहक प्रथिनांना चिकटतें आणि पेशीच्या पटलाला भोकें पाडतें. पेशी फुगून फुटतात आणि अळी मरते. या प्रथिनाची आज्ञा कापसाच्या गुणसूत्रांत बसविण्यांत आली. महिको आणि मोन्सॅंटो यांनीं मिळून आणलेल्या अशा तीन संकरित वाणांना मार्च २००२ मध्यें केंद्र सरकारच्या समितीची मान्यता मिळाली. बोंडअळीवरील फवारण्या आरंभीं कमी झाल्या, आणि दहाएक वर्षांत देशांतील बहुतेक कापूस बीटी झाला. २००६ पासून दोन प्रथिनांचें बियाणेंही आलें.

परंतु अळीही पेशींचीच बनलेली आहे, आणि तिच्याही पेशींत गुणसूत्रें आहेत, ही गोष्ट आपण विसरलों.

२०१७ च्या हिंवाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी बोंडें घेऊन माझ्याकडे आला. बाहेरून हिरवींगार, फोडलीं तर आंत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, आणि तंतु कुजून कवडी झालेले. तो म्हणाला, "गुरुजी, बीटीला अळी लागत नाहीं म्हणत होते, मग ही कोठून आली?" मीं त्याला विचारलें, "बियाण्याच्या पिशवीबरोबर बिनबीटी सरकीची लहान पुडी येत होती, ती तूं पेरलीस का?" तो म्हणाला, "नाहीं गुरुजी. जिला अळी लागते ती सरकी मुद्दाम कोण पेरील?"

त्याचें बोलणें व्यवहाराला धरून होतें. त्या पुडीचें कारण मात्र पेशींत आहे. लक्षावधि अळ्यांमध्यें एखादीच्या आंतड्यांतील ग्राहक प्रथिनाची घडण जन्मतःच निराळी असते. बीटीचें प्रथिन तिला चिकटत नाहीं. सभोंवार सर्वत्र बीटीच असेल तर हीच तेवढी वांचते, आणि वांचलेल्यांचीच आपसांत वीण वाढते. शेताच्या कडेला बिनबीटीच्या ओळी असल्या, तर तेथें साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग वांचलेल्यांशीं जुगतात, आणि ती निराळी घडण पुढच्या पिढींत दबून राहते. त्या आश्रयाच्या ओळी पुष्कळांनीं पेरल्याच नाहींत. शिवाय फरदड घेऊन कापूस महिनोन्महिने रानांत उभा ठेवला, त्यामुळें अळीला एका हंगामांतून दुसऱ्या हंगामांत जाण्यास वाट मिळाली. तज्ज्ञांनीं आणखी एक कारण दाखविलें आहे: संकरित झाडाच्या एकाच बोंडांत कांहीं सरक्यांत बीटीचें प्रथिन असतें, कांहींत नसतें, त्यामुळें अळीला या विषाची जणूं सौम्य संवय होत गेली. गुजराथेंत २०१० च्या सुमारासच पहिल्या प्रथिनाला न जुमानणारी गुलाबी अळी आढळली होती. २०१७ त महाराष्ट्रांत जो कहर झाला, त्यांत अनेकांनीं उभें पीक मोडलें आणि शासनाला नुकसानीबद्दल मदत जाहीर करावी लागली.

आतां माझी चूक सांगतों. त्या विद्यार्थ्याला पेशी मींच शिकविली होती. फळ्यावर आकृति काढली, भित्ति, केंद्रक, रिक्तिका अशीं नांवें दिलीं, आणि त्यानें तीं परीक्षेंत बिनचूक लिहिलीं. परंतु त्याच्या बापाच्या शेतांतील कापूस हीच पेशी आहे, आणि त्या कापसावरची अळीही पेशीच आहे, हें मीं त्याला कधीं सांगितलें नाहीं. जगण्यासाठीं पेशी बदलत राहते, हें तर मुळींच सांगितलें नाहीं. तें त्याला ठाऊक असतें, तर ती लहान पुडी कदाचित् त्यानें फेंकली नसती. आकृति पाठ झाली होती; ज्ञान मात्र झालें नव्हतें.

हूकपासून आजपर्यंतच्या या साडेतीनशें वर्षांच्या इतिहासांत मला एक गोष्ट पुनः पुनः दिसते. पेशीचें जेवढें अंग आपल्याला कळलें, तेवढ्यापुरता लाभ झाला. आणि जें ठाऊक असूनही शेतापर्यंत पोंचलें नाहीं, तेथें हानि झाली. ज्ञान थोड्यांच्या हातीं राहिलें कीं तें विकत घ्यावें लागतें, आणि विकत घेतलेल्या ज्ञानाचें कारण कोणी विचारीत नाहीं. म्हणून शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना माझी विनंति एवढीच आहे. मुलाला सूक्ष्मदर्शक घेऊन देणें प्रत्येकाला साधेल असें नाहीं; परंतु साधें भिंग सर्वांना परवडतें. देवापुढच्या वातीचा थोडा कापूस घ्यावा, एक तंतु काळ्या कागदावर ठेवावा आणि मुलाला दाखवावा. ही एक पेशी आहे, ही कोणाच्या तरी शेतांत वाढली, आणि ती नीट वाढावी म्हणून कोणीतरी जागत होतें, एवढें त्याला सांगावें. पुढचे प्रश्न तो स्वतःच विचारील.