बास बूस्टचं कूळ तबकडीच्या खाचेत

हेडफोनचा ॲम्प्लिफायर घरी बनवणाऱ्यांना सीमॉय ठाऊक असतो. चू मॉय यांचं ते छोटं सर्किट: ऑप-अँप, नऊ व्होल्टची बॅटरी, गोळ्यांचा पत्र्याचा डबा. त्यात बास बूस्ट घालायला दोनच सुटे भाग लागतात. फीडबॅकच्या १० किलोओहम रेझिस्टरला आणखी एक १० किलोओहमचा सीरिजमध्ये जोडायचा आणि त्या नव्याला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पॅरलल लावायचा. ग्राउंडकडचा रेझिस्टर १ किलोओहमचा असेल, तर वरच्या सुरांना ११ पट गेन मिळतो आणि अगदी खालच्यांना २१ पट. म्हणजे साडेपाच डेसिबलचा उठाव.

रेझिस्टर-कपॅसिटरचं हे जाळं आलं कुठून, याचा धागा मला रेकॉर्ड-प्लेअरच्या फोनो प्रीॲम्पच्या आकृतीत सापडला. तिच्यातला वरचे सूर दाबणारा, ७५ मायक्रोसेकंदांचा कपॅसिटर बोटाने झाकला, आणि खाली उरलं ते हेच बास बूस्ट! तेच दोन रेझिस्टर, तोच कपॅसिटर, फीडबॅकमधली तीच जागा.

प्रीॲम्पमध्ये ते का असतं, याचं उत्तर तबकडीच्या खाचेत आहे. सुईचा वेग कायम ठेवून सूर कोरायचे, तर वारंवारता निम्मी झाली की खाचेचा झोल दुप्पट होतो. ५०० हर्ट्झला जेवढा झोल, त्याच्या दहापट ५० हर्ट्झला. एवढी वळणं शेजारच्या खाचेत घुसतील. १९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण बाजारात आलं, तेव्हा वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या मॅक्सफील्ड आणि हॅरिसन यांच्या पद्धतीत साधारण २०० ते २५० हर्ट्झच्या खाली झोल वाढू न देण्याची सोय होती. म्हणजे कोरतानाच खर्ज कमी व्हायचा, आणि विजेवर वाजवताना तो परत वर उचलावा लागायचा. कंपनीगणिक या उचलण्याचे आकडे वेगळे होते. १९५४ च्या, अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगाच्या आरआयएए प्रमाणाने ते ५०० आणि ५० हर्ट्झवर बांधले. ५० च्या खाली उठाव थांबतो, कारण तो तसाच वाढू दिला तर टर्नटेबलची घरघर स्पीकरमधून ऐकू येईल.

हे सांगितलं की जाणकार लगेच फ्लेचर आणि मन्सन यांचं नाव घेतात. १९३३ मध्ये त्यांनी दाखवलं की आवाज हळू झाला की कानाला खर्ज आधी कमी ऐकू येतो. म्हणून बास बूस्ट कानासाठीच जन्मलं, असा या जाणकारांचा दावा. बूस्ट का आवडतं, याचं ते उत्तर असेलही. सर्किटचं मूळ मात्र मला त्यात दिसत नाही. एक तर खाचेची अडचण आठ वर्षं आधीची. दुसरं, आणि मला हे निर्णायक वाटतं, कानाचा आलेख खाली जाताना चढतच राहतो. आपलं बास बूस्ट थोडं चढतं आणि सपाट होतं. कानाचं माप घेऊन कुणी जाळं रचलं असतं, तर ते बहुधा असं मध्येच थांबलं नसतं. हे थांबणं मला तबकडीच्या जाळ्याची खूण वाटते.

दुसरा दावेदार बॅक्सन्डल. त्यांचा टोन कंट्रोल १९५२ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये आला आणि जगभर पसरला. पण तो इन्व्हर्टिंग आहे, आणि खर्ज वाढवतो तसा कमीही करतो. सीमॉय नॉन-इन्व्हर्टिंग, आणि त्यातलं हे जाळं फक्त वाढवतं. बॅक्सन्डल फार तर चुलत घराण्यातले. फोनो प्रीॲम्प बांधून हात बसलेल्या कुणीतरी हे जाळं तसंच हेडफोनकडे आणलं, हा माझा पक्का तर्क आहे.

हे जाळं ज्यात बसतं त्या निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना हॅरल्ड ब्लॅक यांना २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदीच्या फेरीबोटीत सुचली, हे बहुतेकांनी वाचलेलं असतं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं ऑफिस: मॅनहॅटनमधली ४६३, वेस्ट स्ट्रीट ही इमारत. मॅक्सफील्ड, हॅरिसन, फ्लेचर, मन्सन, सगळे तिथलेच. खाच, कान आणि फीडबॅक, तिन्ही प्रश्न एकाच छपराखाली सुटले.

हेडफोनला खाचेचं बंधन नाही, तेव्हा आकडे आपण हवे तसे हलवावेत. वरच्या मापांत उठाव ३०४ हर्ट्झपासून सुरू होतो आणि १५९ पर्यंत बराचसा पुरा होतो. तो पुरुष गायकाच्या आवाजात शिरतो आणि आवाज जाड करतो. लॅमिंग्टन रोडवर सहज मिळणारा ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, की तेच आकडे १३८ आणि ७२ होतात. गळा बराचसा मोकळा राहतो आणि डग्ग्याच्या घुमाऱ्याला जोर येतो.