आभासी वास्तव : तोलाच्या पुनर्वसनात

भोवळ येणाऱ्या आणि तोल जाणाऱ्या रुग्णांना डोळ्यांवर बसवायच्या संचातून हलती दृश्ये दाखवून व्यायाम करवून घेण्याची पद्धत. ऐकणे आणि तोल यांची इंद्रिये अंतर्कर्णात शेजारीशेजारी असतात. त्यामुळे मेनिएर विकारात, किंवा क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीनच्या दुष्परिणामाने, दोन्ही बिघडू शकतात.

अंतर्कर्ण साथ देईनासा झाला की मेंदूची भिस्त डोळ्यांवर आणि पायांवर राहते. कोकणातल्या आंजर्ल्याच्या समुद्रकिनाऱ्यावर अशा माणसाची खरी परीक्षा होते : पायाखाली मऊ वाळू, समोर हलत्या लाटा, आणि दिवस मावळला की डोळ्यांचाही आधार जातो.

मेंदूला नव्याने शिकवता येते, हे या उपचाराचे मूळ. १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये कॉथोर्न आणि कुक्सी यांनी डोळे-मानेचे व्यायाम बसवले. संचात तत्त्व तेच. फक्त बाजारातली गर्दी किंवा रहदारी दवाखान्यातच समोर येते आणि तिचा वेग हळूहळू वाढवता येतो.

श्रवणदोष असलेल्यांची अडचण वेगळी आहे आणि तिच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवे. संच चढवला की समोरच्याचे ओठ दिसत नाहीत, हातांच्या खुणाही नाहीत. म्हणून सूचना आधीच समजावून, ‘थांबा’साठी खांद्यावरचा स्पर्श ठरवून घेणे सोयीचे.

काहींना संचानेच मळमळते. अंतर्कर्णातले कण सरकून येणाऱ्या भोवळीत मात्र विशिष्ट क्रमाने डोके वळवण्याची एप्ली पद्धत आधी वापरतात.