बीड जिल्ह्यातील शालेय पोषण आहार योजना

शालेय पोषण आहार योजना ही शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व शासन अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना शाळेच्या दिवशी दुपारचे शिजवलेले जेवण विनामूल्य देणारी योजना आहे. केंद्र व राज्य शासन ती संयुक्तपणे राबवितात. इ.स. २०२१ पासून तिचे अधिकृत नाव 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना' असे असून ग्रामीण महाराष्ट्रात ती 'खिचडी' या नावानेही ओळखली जाते. बीड जिल्हा अवर्षणप्रवण आहे आणि तेथून ऊसतोडणीसाठी मोठे हंगामी स्थलांतर होते. त्यामुळे मुलांना मोफत अन्न देणे हे राज्याचे कर्तव्य आहे काय, असल्यास ते शाळेच्या दिवसापुरते व शाळेच्या आवारापुरते मर्यादित असावे काय, हे प्रश्न या जिल्ह्यात विशेष तीव्रतेने उपस्थित होतात.

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्याचा दक्षिण व पश्चिम भाग बालाघाटच्या डोंगररांगांनी व्यापलेला आहे. धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरील मांजरसुंबा हे बीड तालुक्यातील गाव याच डोंगराळ पट्ट्यात वसले असून पाटोदा व केज या दोन्ही दिशांचे रस्ते येथे महामार्गास मिळतात. मन्मथस्वामींच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले कपिलधार हे तीर्थक्षेत्र या गावापासून जवळ आहे. बालाघाटावरील जमीन बव्हंशी हलकी व कोरडवाहू आहे. ज्वारी, बाजरी, तूर, कापूस व सोयाबीन ही येथील प्रमुख पिके असून ती पावसावर अवलंबून असतात. खरीप गेला की वर्षभराच्या धान्याचा व रोजगाराचा प्रश्न उभा राहतो.

या परिस्थितीत जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडणीस जातात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर व अहिल्यानगर हे जिल्हे, तसेच कर्नाटकातील साखर कारखान्यांचा परिसर ही त्यांची मुख्य ठिकाणे होत. पती-पत्नीच्या जोडीला 'कोयता' म्हणतात व मजुरीचा हिशेब जोडीवर होतो. त्यामुळे आई व वडील दोघेही एकाच वेळी घराबाहेर असतात आणि गावात आजी-आजोबा नसतील तर मुलांनाही टोळीबरोबर जावे लागते. गळीत हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालत असल्याने शैक्षणिक वर्षाचा मोठा भाग ही मुले आपल्या शाळेबाहेर काढतात.

इतिहास

भारतात शाळेत जेवण देण्याचा आरंभ मद्रास शहरात १९२० च्या दशकात नगरपालिकेच्या शाळांमधून झाला. मुख्यमंत्री के. कामराज यांनी १९५६ मध्ये ही कल्पना तत्कालीन मद्रास राज्यात विस्तारली आणि एम. जी. रामचंद्रन यांच्या कारकिर्दीत १९८२ मध्ये तामिळनाडूत तिला व्यापक स्वरूप मिळाले.

केंद्र शासनाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शिक्षणासाठी राष्ट्रीय पोषण साहाय्य कार्यक्रम २,४०८ विकासगटांत सुरू केला. १९९७-९८ पर्यंत तो देशभर लागू झाला. महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत त्या काळी शिजवलेले अन्न मिळत नसे. ८० टक्के उपस्थिती असलेल्या विद्यार्थ्यास दरमहा ३ किलो धान्य दिले जाई. हे धान्य घरी जात असल्यामुळे ते संपूर्ण कुटुंबात वाटले जाई व मुलाच्या वाट्याला नेमके किती आले हे सांगता येत नसे.

२००१ मध्ये 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्कासंबंधी याचिका दाखल केली. न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी अंतरिम आदेश देऊन शासकीय व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलास किमान ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले जेवण वर्षातून किमान २०० दिवस द्यावे, असे राज्यांना बजावले. त्यानंतर महाराष्ट्रातील शाळांत तांदूळ वाटपाची जागा टप्प्याटप्प्याने खिचडीने घेतली. २० एप्रिल २००४ च्या आदेशात दोन महत्त्वाच्या बाबींची भर पडली. स्वयंपाकी नेमताना अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे आणि दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुटीतही जेवण चालू ठेवावे, असे त्यात म्हटले होते. २००७ मध्ये योजनेचा विस्तार सहावी ते आठवीच्या वर्गांपर्यंत सुरू झाला.

कायदेशीर आधार

राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ च्या कलम ५ नुसार आठवीपर्यंतच्या अथवा ६ ते १४ वयोगटातील प्रत्येक मुलास, शाळेच्या सुट्या वगळून, दररोज एक मोफत दुपारचे जेवण मिळण्याचा हक्क आहे. त्यामुळे पूर्वी न्यायालयाच्या आदेशावर उभी असलेली ही योजना संसदेच्या कायद्याने बांधली गेली. मात्र विनाअनुदानित खासगी शाळा व नववीपुढील वर्ग या तरतुदीबाहेर आहेत.

या अधिनियमाखालील २०१५ च्या नियमांनुसार धान्य, इंधन, निधी किंवा स्वयंपाकी यांच्या अभावी एखाद्या दिवशी जेवण मिळाले नाही, तर राज्याने विद्यार्थ्यास अन्नसुरक्षा भत्ता देणे बंधनकारक आहे. सलग ३ दिवस किंवा महिन्यातून ५ दिवस जेवण न दिल्यास जबाबदारी निश्चित करावी लागते. निधी वेळेवर न आल्यास शाळेकडील अन्य निधी तात्पुरता वापरण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना आहे.

स्वरूप

पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यासाठी प्रतिदिन १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजीपाला असे प्रमाण असून त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी अपेक्षा आहे. सहावी ते आठवीसाठी हे प्रमाण १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व ७५ ग्रॅम भाजीपाला, तर अपेक्षित पोषण ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असे आहे. धान्य केंद्र शासन विनामूल्य पुरविते. डाळ, भाजी, तेल, मसाले व इंधन यांसाठीचा खर्च केंद्र व महाराष्ट्र शासन ६०:४० या प्रमाणात उचलतात. १ मे २०२५ पासून हा दर प्रतिविद्यार्थी प्रतिदिन पहिली ते पाचवीसाठी ६ रुपये ७८ पैसे व सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे आहे.

ग्रामीण भागात अन्न सामान्यतः शाळेतच शिजवले जाते. २५ पर्यंत पटसंख्येच्या शाळेस १, २६ ते १०० पटास २ व पुढील प्रत्येक १०० विद्यार्थ्यांमागे १ असे स्वयंपाकी तथा मदतनीस नेमले जातात. या कामावर बहुतांशी गावातील गरजू स्त्रिया असतात. केंद्राच्या निकषानुसार त्यांचे मानधन २००९ पासून दरमहा १,००० रुपये व तेही वर्षातील १० महिन्यांपुरते आहे. राज्याने त्यात स्वतःची भर घातली आहे. जेवण वाढण्यापूर्वी एका शिक्षकासह दोन-तीन प्रौढ व्यक्तींनी त्याची चव घेणे आवश्यक असते. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात गंडामन येथे कीटकनाशकमिश्रित जेवणामुळे २३ मुले दगावली. त्यानंतर या दक्षतेला देशभर अधिक महत्त्व आले.

राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडी न खाणाऱ्या मुलांना केळी देण्याचा निर्णय घेतला. जून २०२४ मध्ये मोड आलेली कडधान्ये, खीर, नाचणीसत्त्व इत्यादींचा समावेश असलेला नवा आहारक्रम जाहीर झाला. जानेवारी २०२५ मध्ये मात्र अंड्यांसाठीचा स्वतंत्र राज्यनिधी थांबवून हे पदार्थ लोकसहभागातून द्यावेत, असे ठरविण्यात आले. ज्या गावांत लोकवर्गणीची ऐपत कमी आहे, तेथेच प्रथिनांची गरज अधिक असते, हा या निर्णयावरील प्रमुख आक्षेप होता.

मोफत आहाराविषयीची मतमतांतरे

मुलांचे पोषण ही मूलतः पालकांची जबाबदारी असून राज्याने ती स्वीकारल्यास कुटुंबाचे कर्तव्य शिथिल होते, असा एक युक्तिवाद केला जातो. ज्यांना परवडते त्यांच्या मुलांवर सार्वजनिक पैसा खर्च करू नये व मदत केवळ गरजूंना द्यावी, असे दुसरे मत आहे. शिक्षकांचा वेळ हिशेब, नोंदवह्या व धान्यसाठा सांभाळण्यात जातो आणि अध्यापन मागे पडते, ही तक्रार शिक्षक संघटनांनी वारंवार मांडली आहे. एक किंवा दोन शिक्षकी शाळांच्या बाबतीत ती विशेष लागू पडते. धान्याऐवजी पालकांच्या बँक खात्यात रोख रक्कम द्यावी, अशीही सूचना होते.

योजनेच्या समर्थकांच्या मते उपाशी मुलाला शिकविता येत नाही, म्हणून जेवण हा शिक्षणाचाच भाग आहे. फक्त गरिबांना जेवण दिल्यास वर्गात दोन पंक्ती पडतात व घेणाऱ्यावर गरिबीचा शिक्का बसतो. सर्वांना एकच जेवण दिल्यास तो बसत नाही. जातिभेदाची परंपरा असलेल्या समाजात सर्व मुलांनी एका पंगतीत बसून एकाच हातचे जेवण्याला सामाजिक मूल्यही आहे. रोख रक्कम घरातील अन्य निकडीत खर्ची पडू शकते, परंतु ताटात वाढलेले अन्न मुलाच्याच पोटात जाते.

संशोधनाचा कल सामान्यतः समर्थकांच्या बाजूने आहे. अभिजीत सिंग, अल्बर्ट पार्क व स्टीफन डेरकॉन यांनी आंध्र प्रदेशातील मुलांचा अभ्यास केला. बालपणी दुष्काळाची झळ बसलेल्या मुलांच्या वाढीतील तूट शालेय जेवणामुळे भरून निघण्यास मदत झाल्याचे त्यांना आढळले. सुमन चक्रवर्ती व सहकाऱ्यांच्या २०२१ मधील अभ्यासानुसार, ज्या स्त्रियांना लहानपणी शालेय जेवणाचा लाभ मिळाला होता, त्यांच्या अपत्यांमध्ये वाढ खुंटण्याचे प्रमाण कमी होते.

इतर देशांत या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी दिली गेली आहेत. फिनलंडमध्ये १९४३ च्या कायद्यानुसार १९४८ पासून शाळांत सर्व मुलांना मोफत जेवण मिळते. अमेरिकेत १९४६ च्या कायद्याखालील योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नानुसार मोफत, सवलतीचे व पूर्ण दराचे असे भेद आहेत. जपानमध्ये १९५४ च्या कायद्यानुसार शिधासामग्रीचा खर्च पालकांकडे व व्यवस्थेचा खर्च शाळा चालविणाऱ्या संस्थेकडे असतो.

बीड जिल्ह्यातील प्रश्न

बीडसारख्या जिल्ह्यात मतभेदाचा मुद्दा जेवण सर्वांना द्यावे की काहींना, एवढाच राहत नाही. कायद्याने दिलेला हक्क शाळेचा दिवस व शाळेचा पट या दोन गोष्टींना जोडलेला आहे आणि येथील मुलांची निकड पुष्कळदा या दोन्हींच्या बाहेर असते.

पहिली अडचण उन्हाळ्याची आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक वर्गांसाठी वर्षात किमान २०० व उच्च प्राथमिकसाठी २२० कामाचे दिवस असतात. उरलेल्या दिवसांत मे महिना येतो आणि दुष्काळी वर्षात तोच सर्वांत कठीण असतो. मराठवाड्यात २०१२-१३ व २०१५-१६ मध्ये भीषण टंचाई होती. 'स्वराज अभियान' या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१६ रोजी दुष्काळग्रस्त राज्यांनी उन्हाळी सुटीतही शालेय जेवण द्यावे व आठवड्यातून काही दिवस अंडे, दूध किंवा तत्सम पूरक आहार द्यावा, असा आदेश दिला. मात्र ही व्यवस्था दुष्काळ जाहीर होण्यावर अवलंबून आहे. तसेच सुटीत शिक्षक व स्वयंपाकी उपलब्ध असणे, पाणी मिळणे आणि मुले शाळेत येणे या व्यावहारिक अडचणी राहतात.

दुसरी अडचण स्थलांतराची आहे. मूल टोळीबरोबर गेले की त्याचे नाव गावच्या पटावर राहते, पण त्याचे ताट मागे राहते. कारखान्याच्या परिसरात 'साखरशाळा' चालविण्याचे प्रयोग झाले, परंतु टोळ्या फडाफडांतून हलत असल्यामुळे त्यांना स्थैर्य मिळाले नाही. स्थलांतरित मुलास दुसऱ्या गावच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्डाची पद्धत आहे. मात्र उसाच्या फडाजवळच्या कोपीपासून शाळा दूर असल्यास आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम अंगावर असल्यास त्या कार्डाचा उपयोग होत नाही.

मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना राबविली जाते. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालणाऱ्या या योजनेत मूल आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे राहते. दुपारचे जेवण त्याला पोषण आहारातून मिळते व सकाळ-संध्याकाळच्या भोजनाची सोय वसतिगृहाच्या निधीतून होते. दुपारच्या एका जेवणाने मूल गावात राहू शकत नाही. उरलेल्या दोन वेळांची हमी असेल तरच पालक त्याला मागे ठेवतात. मंजुरी व निधी दिवाळीपूर्वी न आल्यास टोळ्या निघून जातात व वसतिगृह उशिरा सुरू होते. म्हणून या योजनेचे यश तिच्या रकमेइतकेच वेळेवरही अवलंबून असते. २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेस मान्यता दिली. तिच्यात ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची तरतूद असून बीड जिल्ह्यातील तालुक्यांचा त्यात समावेश आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोना साथीमुळे शाळा बंद झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने शालेय जेवणाच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. महाराष्ट्रात त्या काळात विद्यार्थ्यांना तांदूळ व कडधान्यांचा कोरडा शिधा देण्यात आला. शाळा बंद असतानाही मुलाचा अन्नाचा वाटा त्याच्यापर्यंत पोहोचविता येतो, हे त्यातून दिसले. त्याचबरोबर घरी गेलेला शिधा पुन्हा कुटुंबात वाटला जातो, ही १९९५ नंतरच्या तांदूळ वाटपातील उणीवही परत समोर आली.

सद्यःस्थिती

तामिळनाडूने सप्टेंबर २०२२ पासून प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही सुरू केली आहे. महाराष्ट्रात नियमित शाळेत मिळणारे शासकीय जेवण आजही दुपारपुरते आहे. बीड जिल्ह्यात आहाराचा हक्क शाळेऐवजी मुलाशी जोडावा व ते जेथे असेल तेथील शाळेत किंवा अंगणवाडीत त्याला ताट मिळावे, तसेच हंगामी वसतिगृहे टोळ्या निघण्यापूर्वी सुरू व्हावीत, या मागण्या ऊसतोड कामगारांच्या शिक्षणविषयक चर्चेत केंद्रस्थानी आहेत.

हेही पाहा

राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३
बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९
ऊसतोड कामगार
साखरशाळा
बालाघाट डोंगररांग
मांजरसुंबा