मोटार विकण्यापूर्वीं



जुनी मोटार विकावयाची झाली म्हणजे ती अंगणांत उभी करून, बॉनेट उघडून, ती कोठें अडखळते तें शोधीत बसणें हा उद्योग आमच्या पिढींतील पुष्कळांनीं केलेला आहे. त्या उद्योगालाहि एक इतिहास आहे, आणि माझा त्याच्याशीं संबंध आला तो परांडा तालुक्यांतील सोनारी या काळभैरवनाथाच्या गांवीं.

इतिहासाचें एक टोंक तेथून फार दूर नाहीं. वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. त्यांचा जन्म १८८२ चा. त्यांच्या पुढाकारानें १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी निघाली व १९४७ पासून मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. १९५३ मध्यें वालचंद वारले. पुढें इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्यानें तेथें ‘अकराशें’ फियाट होऊं लागली. १९७० नंतर तिलाच ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. इंजिन चार सिलिंडरांचें, १०८९ घनसेंटिमीटरांचें, आणि बांधणी इतकी सरळ कीं घरच्या पान्या-पकडींनीं बरेंचसें काम भागे.

पण गाड्या थोड्या आणि मागणी अपार. मोटारींच्या वांटपावर १९५९ पासून सरकारी नियंत्रण होतें. नांव नोंदवून लोक वर्षानुवर्षें वाट पाहात, आणि वापरलेल्या गाडीस कधीं कधीं नव्या गाडीहूनहि अधिक किंमत येई. अशा काळीं विकणारानें गाडी नीट कशाला करावी? घेणारा सायलेन्सरचा निळा धूर पाही आणि न पाहिल्यासारखें करी. डिसेंबर १९८३ मध्यें मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हां हें चित्र पालटूं लागलें. घेणाराला निवड करतां येऊं लागली, आणि विकणाराला प्रथमच बॉनेट उघडावें लागलें. घरगुती तपासणीची ही संवय, माझ्या मतें, हौसेपेक्षां या बाजारानें अधिक लावली.

१९९५ च्या सुमारास माझ्या थोरल्या बंधूंनीं आपली पद्मिनी विकावयास काढली. ती उभी असतांना थरथरे, चढावर धापा टाकी. गॅरेजवाल्यांच्या भाषेंत ‘मिसिंग मारी’. आम्हीं दोघांनीं ती उघड्या अंगणांत आणली, कारण इंजिनाचा धूर बंद जागेंत प्राणघातक असतो. हँडब्रेक ओढून इंजिन सुरू केलें आणि सुकी फडकी हाताला गुंडाळून एकेका प्लगची वायर क्षणभर काढून पाहिली. वायर काढतांच आवाज मंदावला तर तो सिलिंडर काम करतो आहे. कांहींच फरक पडला नाहीं तर तोच आळशी. आमचा चौथा आळशी निघाला, आणि दुसराहि अर्धवटच होता.

मग प्लग बाहेर काढले. प्लगाचा रंग हा वैद्याला दिसणाऱ्या जिभेसारखा असतो. फिकट तपकिरी असला तर ठीक. कोरडी काजळी असली तर पेट्रोल जास्त. तेलकट काळा असला तर ऑइल वर चढतें आहे असें समजावें. दुसऱ्या प्लगावर काजळी होती. तो घासून, गॅप नीट करून बसविला. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट खडबडीत झाले होते. ते पॉलिश पेपरनें घासून फीलर गेजनें अंतर साधलें. कार्ब्युरेटरचा जेट फुंकून स्वच्छ केला. गाडी पुष्कळ सुधारली, बंधूंचा चेहराहि.

चौथ्याचा प्लग मात्र तेलानें ओला होता. गाडीच्या पुढून हँडल घालून इंजिन हळूहळू फिरविलें असतां दोन फेऱ्यांत चार वेळां हाताला जोर लागावयास हवा. एके ठिकाणीं तें पोकळ जाई. त्या सिलिंडरांत चमचाभर ऑइल ओतून पुन्हां फिरविलें, तों जोर लागला. दोष व्हॉल्व्हचा असता तर ऑइलानें फारसा फरक पडता ना. रिंगा झिजल्या होत्या, आणि तें काम अंगणांत होण्यासारखें नव्हतें.

शेजारच्या एका जाणकारानें उपाय सुचविला: जाड ऑइल भरा, चार दिवस आवाज आणि धूर दबून राहील. घेणारे गृहस्थ परांड्याचेच, ओळखीचे. १९३० च्या माल-विक्रीच्या कायद्यांत पारखून घेण्याचा भार मुख्यतः घेणारावरच आहे, हेंहि त्या जाणकारानें सांगितलें. बंधू रात्रभर गप्प होते. सकाळीं त्यांनीं तो ओला प्लग कागदांत गुंडाळून बाजूला ठेवला, आणि ते गृहस्थ आल्यावर गाडीआधीं तोच त्यांच्या हातीं दिला. चार हजार रुपये कमी आले. वहिनी त्याबद्दल पुष्कळ दिवस बोलत होत्या, आणि त्यांचें म्हणणें अगदींच चुकीचें होतें असें मला वाटत नाहीं. तें घरखर्चाचे पैसे होते.

बंधूंनीं नांव बदलण्याचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म मात्र त्याच दिवशीं सह्या करून दिले. तें शहाणपणाचें होतें. पुस्तकावर नांव ज्याचें, अपघाताची भरपाईहि त्याच्याच माथीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें दिला आहे.

आतांच्या गाड्यांत पॉइंट नाहींत, कार्ब्युरेटर नाहीं; दोष यंत्र लावून वाचतात. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीहि निवृत्त झाली. आमची ती गाडी रिंगा बदलून परांड्यास आणखी कित्येक वर्षें चालली. यात्रेला सोनारीस आली कीं आवाजावरून बंधू ती ओळखीत.