पीळ दिलेली साखर : घरगुती कँडी केनच्या इतिहासाची एक मांडणी

प्रास्ताविक

नाताळच्या सुमारास आपल्याकडील शहरांतील दुकानांतूनही आता तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची, टोकाशी वाकवलेली साखरेची छोटी काठी टांगलेली दिसते. इंग्रजीत तिला ‘कँडी केन’ असे नाव आहे. अमेरिकेत ती नाताळच्या झाडावर अडकवतात आणि काही घरांतून ती आजही हाताने तयार केली जाते. गोव्यातील व वसईतील ख्रिस्ती घरांच्या फराळात नेवऱ्या, कुलकुल, दोदोल यांना जे स्थान आहे ते या काठीला नाही. ती आपल्याकडे आली ती बाजारातून. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाने तिच्याकडे वळावे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. याचे कारण असे की, या क्षुल्लक वाटणाऱ्या पदार्थाभोवती दंतकथांचे दाट जाळे तयार झालेले आहे, आणि ज्यांच्या हातांनी हा पदार्थ घडवला त्यांची नोंद मात्र जवळजवळ कोठेच नाही. हे असे का घडले, याचा विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

दंतकथांचा प्रश्न

सर्वाधिक प्रचलित कथा जर्मनीतील कोलोन शहराची आहे. १६७० मध्ये तेथील कॅथेड्रलच्या गायकवृंद-प्रमुखाने, लांबलेल्या उपासनेत मुले शांत बसावीत म्हणून, मेंढपाळाच्या आकडीसारख्या वाकवलेल्या साखरेच्या काठ्या करवून घेतल्या, असे सांगितले जाते. दुसरी कथा अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या एका मिठाईवाल्याची. त्याने येशूच्या नावाचे इंग्रजी आद्याक्षर म्हणून हा आकार योजला. पांढरा रंग पावित्र्याचा आणि तांबडा रक्ताचा. पहिल्या कथेला समकालीन कागदपत्रांचा आधार नाही. दुसरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय झाली, म्हणजे पदार्थ सर्वत्र पसरून गेल्यानंतर त्याला अर्थ चिकटवण्यात आला. ओहायो राज्यातील वूस्टर येथे ऑगस्ट इमगार्ड या जर्मन स्थलांतरिताने १८४७ मध्ये नाताळचे झाड सजवले व त्यावर अशा काठ्या टांगल्या, असेही म्हटले जाते. झाडाची हकीकत विश्वसनीय आहे, काठ्यांची तितकी नाही.

या तिन्ही कथांमध्ये एक साम्य आढळते. तिन्हींत शोध लावणारा एक पुरुष आहे, एक क्षण आहे आणि एक हेतू आहे. ‘हे कोणी शोधून काढले?’ असा प्रश्न विचारला की उत्तरही याच साच्यातून येते. माझ्या मते मूळ प्रश्नच चुकीचा आहे. कँडी केनचा आकडा ही तिच्यातील सर्वात किरकोळ गोष्ट होय. काठी मऊ असताना ती मुठीशी वाकवायला दोन क्षण पुरतात. खरे कौशल्य त्याआधीचे, म्हणजे साखर ओढण्याचे आणि तिला पीळ देण्याचे आहे. इतिहास शोधायचा तर तो तेथे शोधला पाहिजे.

शब्दांचा प्रवास

या शोधाची सुरुवात युरोपात होत नाही. ‘कँडी’ हा शब्द संस्कृत ‘खण्ड’ या शब्दापासून फारसी ‘कंद’, अरबी ‘कंदी’ व पुढे फ्रेंच या मार्गाने इंग्रजीत गेला, हे सर्वश्रुत आहे. त्याहून महत्त्वाचा, पण कमी परिचित असा शब्द म्हणजे ‘फाणित’. कौटिलीय अर्थशास्त्रात उसाच्या रसापासून होणाऱ्या पदार्थांमध्ये फाणित, गूळ, मत्स्यण्डिका, खण्ड व शर्करा यांची गणना केलेली आहे. फाणित म्हणजे आटवून दाट केलेला रस. आपल्या काकवीचा किंवा राबेचा पूर्वज म्हणावा असा. हाच शब्द फारसीत ‘पानीद’ व अरबीत ‘फानीद’ झाला आणि या प्रवासात त्याचा अर्थही बदलला. अरबी व नंतर लॅटिन वैद्यक-ग्रंथांत तो ओढून पांढरी केलेल्या साखरेच्या कांड्यांसाठी वापरला जाऊ लागला. मध्ययुगीन युरोपातील औषधविक्रेते या कांड्या खोकला व पडसे यांवर देत असत. स्पॅनिशमधील ‘अल्फेन्यिके’ आणि पोर्तुगीजमधील ‘अल्फेनिम’ ही याच शब्दाची रूपे होत.

म्हणजे ज्याला आज आपण पाश्चात्त्य नाताळचे प्रतीक समजतो, त्याचे तंत्र औषधाच्या दुकानातून आलेले आहे आणि त्याचे एक नाव आपल्याच ग्रंथांतून निघालेले आहे. यावरून ‘सर्व काही येथूनच गेले’ असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये. शब्द गेला म्हणजे कृतीही जशीच्या तशी गेली असे होत नाही, आणि साखर ओढण्याची कला नेमकी कोणत्या टप्प्यावर विकसित झाली हे केवळ शब्दावरून ठरत नाही.

कृती : हातातील ज्ञान

घरी कँडी केन कशी होते, हे येथे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण कृती समजल्याशिवाय तिचा इतिहास समजत नाही. साखरेत थोडे पाणी घालून पाक करतात व त्यात थोडे व्हिनेगर घालतात. आपल्याकडे पाकाला साखर धरू नये म्हणून लिंबाचे चार थेंब पिळतात, त्यामागील कारण तेच आहे. आम्लामुळे साखरेच्या काही रेणूंचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात आणि उरलेल्या साखरेचे पुन्हा स्फटिक बनण्यास अडथळा येतो. अमेरिकेत पुढे हेच काम मक्याच्या पिठूळ सत्त्वापासून केलेल्या पाकाने केले. किर्खहोफ या रसायनशास्त्रज्ञाने १८११ मध्ये पिठूळ सत्त्वापासून आम्लाच्या साहाय्याने साखर मिळवली होती. ‘कारो’ नावाचा मक्याचा पाक १९०२ मध्ये बाजारात आला आणि घरगुती मिठाई बरीच बिनधोक झाली.

पाक एकतारी, दोनतारी, गोळीबंद या आपल्या परिचित पायऱ्या ओलांडून पुढे जातो. सुमारे १५० अंश सेल्सिअसला त्यात पाणी जवळजवळ उरत नाही. थेंब गार पाण्यात टाकला असता कडक होऊन काचेसारखा तुटला, म्हणजे पाक झाला. मग तो तेल लावलेल्या संगमरवरी फरशीवर ओततात. कडा लवकर गार होतात, त्या सतत मध्यभागी दुमडाव्या लागतात. उष्णता थोडी उतरल्यावर पेपरमिंटचे तेल घालतात. आधी घातल्यास ते उडून जाते. एक लहान भाग तांबडा रंगवून बाजूला, शेगडीच्या उबेला ठेवतात. उरलेला मोठा भाग दोन्ही हातांनी ओढायचा, दुमडायचा, पुन्हा ओढायचा. पिवळसर, पारदर्शक पाक हळूहळू रेशमासारखा पांढरा होतो. येथे कोणताही पांढरा रंग वापरलेला नसतो. ओढताना असंख्य सूक्ष्म हवेचे बुडबुडे आत अडकतात व त्यांवरून प्रकाश विखुरला जातो, म्हणून साखर पांढरी दिसते. नंतर पांढऱ्या लोळ्यावर तांबड्या पट्ट्या चिकटवून तो लांबवतात व लांबवतानाच पीळ देतात. कात्रीने तुकडे करून टोके वाकवतात. या सगळ्याला मिळतात अवघी काही मिनिटे. साखर गार झाली की ती मोडते, पण वळत नाही.

प्रस्तुत लेखिकेने हा प्रयोग दोनदा केला. पहिल्या वेळी तळहात भाजले. दुसऱ्या वेळी काठ्या साधल्या, परंतु कोकणातील दमट हवेत त्या संध्याकाळपर्यंत चिकट झाल्या. हा अनुभव सांगण्याचे कारण व्यक्तिगत नाही. हे काम एकट्याने होत नाही आणि कोरड्या थंडीतच नीट होते, या दोन गोष्टी पुस्तकात वाचून पटल्या नव्हत्या, त्या तेव्हा पटल्या. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत तरुण मुलामुलींनी हिवाळ्यात एखाद्या घरी जमून काकवीची साखर ओढण्याची जी प्रथा होती, तिचे स्पष्टीकरण केवळ करमणूक एवढेच देऊन भागत नाही.

स्वस्त साखर, संशयित साखर

ही कृती औषधविक्रेत्याच्या दुकानातून घरात उतरली ती साखर स्वस्त झाल्यावर. त्या स्वस्ताईची किंमत कोणी मोजली हे विसरता येत नाही. कॅरिबियन बेटे, ब्राझील, लुइझियाना येथील उसाचे मळे गुलामांच्या श्रमावर उभे होते. सिडनी मिंट्झ यांनी १९८५ मधील आपल्या ग्रंथात इंग्रज कामगाराच्या चहातील साखरेचा संबंध या मळ्यांशी जोडून दाखवला, तो येथेही लागू पडतो. न्यू ऑर्लिन्स येथे १८०६ मध्ये जन्मलेले नॉर्बर्ट रिलियू हे कृष्णवर्णीय वंशाचे स्वतंत्र नागरिक होते. त्यांनी १८४० च्या दशकात बहुपात्र बाष्पीभवनाच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पांढरी साखर करण्याचा खर्च व इंधन पुष्कळ कमी झाले. त्यांचे यंत्र मात्र गुलामांच्या मळ्यांवरच चालले. अमेरिकेत गुलामगिरी संपली ती १८६५ मध्ये. याच दरम्यान युरोपात बीटची साखर वाढत होती, आणि १८७४ मध्ये ब्रिटनने साखरेवरील आयातकर रद्द केला.

पट्ट्यांच्या सरळ पेपरमिंट-कांडीची कृती १८४४ मध्ये छापलेली आढळते. पांढऱ्या, बिनपट्ट्यांच्या वाकड्या काठ्या जुन्या नाताळ-भेटकार्डांवर दिसतात. वाकड्या काठीवर पट्टे येतात ते सर्वसाधारणपणे १९०० च्या आसपास. पट्टे आणि आकडा यांचे इतिहास असे वेगवेगळे आहेत व ते उशिरा एकत्र आले.

मिठाई घरीच करावी असे वाटण्यामागे आणखी एक कारण होते आणि ते भीतीचे होते. फ्रेडरिक अकम यांनी १८२० मध्ये अन्नातील भेसळीवर ग्रंथ लिहून मिठाईतील विषारी रंगांकडे लक्ष वेधले होते. १८५८ मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे पेपरमिंटच्या गोळ्यांत साखरेऐवजी घालावयाच्या स्वस्त भुकटीच्या जागी चुकून सोमल पडला. सुमारे वीस माणसे दगावली व दोनशेहून अधिक आजारी पडली. स्वस्त मिठाई मुलांच्या हाती देणाऱ्या आईला घरच्या पाकाचा भरवसा का वाटला असेल, हे या घटनेवरून समजू शकते. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फॅनी फार्मर यांच्या बॉस्टनच्या पाकशाळेतील पुस्तकात मिठाईसाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात साखर बोटांच्या टोकांनी ओढावी, दाबू नये, अशी सूचना आहे. अशी सूचना जिने स्वतः ओढून पाहिले तीच करू शकते.

एका विधवेचा परवाना

आतापर्यंत ज्या हातांचा उल्लेख आला त्यांपैकी बहुतेक निनावी आहेत. एक अपवाद स्वीडनमधील आहे. ग्रेना हे व्हेट्टर्न सरोवराकाठचे लहान गाव. तेथे अमालिया एरिकसन ही १८२४ मध्ये जन्मलेली स्त्री मोलकरीण म्हणून आली. तिने एका शिंप्याशी विवाह केला. १८५८ मध्ये तिला जुळे झाले, त्यांतील एक मूल मृत जन्मले आणि आठवडाभरातच पतीही वारला. एका तान्ह्या मुलीसह उदरनिर्वाहाचा प्रश्न उभा राहिला. १८४६ च्या कायद्याने स्वीडनमध्ये गिल्डची पकड सुटली होती व विधवांना व्यवसायाची वाट मोकळी झाली होती, तरी स्थानिक परवानगी लागत असे. जानेवारी १८५९ मध्ये अमालियेला बेकरीचे पदार्थ व ‘पोल्कागरिस’ करून विकण्याचा परवाना मिळाला. ‘पोल्कागरिस’ म्हणजे साखर, पाणी, व्हिनेगर व पेपरमिंट यांची तांबड्या-पांढऱ्या पिळाची सरळ कांडी. कँडी केनची आकडा नसलेली बहीणच. तिने कृती आयुष्यभर गुप्त ठेवली. १९२३ मध्ये, नव्व्याण्णव वर्षांची होऊन ती वारली.

अमालियेने साखर ओढण्याची कला शोधून काढली नाही. तसा दावा करण्याचे कारणही नाही. ती आपल्याला माहीत आहे ती परवान्यामुळे. ज्या क्षणी घरातील कृती विक्रीस निघाली, त्या क्षणी तिला अर्ज करावा लागला, आणि अर्जामुळे ती दप्तरात आली. जिने विकले नाही, तिची नोंद झाली नाही. घरगुती पदार्थाच्या इतिहासातील मोठी अडचण हीच आहे. अभिलेखागारात जे सापडते ते घराच्या उंबरठ्याबाहेर पडलेले असते.

महाराष्ट्रातही हे चित्र वेगळे नाही. संक्रांतीचा काटेरी हलवा घरोघरी मंद आचेवर, पसरट भांड्यात, पाकाचा एकेक चमचा सोडून बोटांनी फिरवत केला जात असे. तोही कोरड्या थंडीतच फुलतो. हवा दमट असली की काटा येत नाही, असे माझी आजी सांगत असे. खसखशीच्या दाण्यावर काटा येईपर्यंत तिची बोटे लाल होत. तिच्या कृतीचा कागद नाही. जत्रेत बांबूच्या काठीला गुंडाळलेली गुलाबी-पांढरी साखर ओढून मुलांच्या मनगटावर घड्याळ बांधणारा विक्रेता ज्या कौशल्याने बोटे चालवतो, ते कौशल्य ग्रेनामधल्याच जातीचे; त्याचाही कागद नाही. मौखिक साधनांचे संकलन आज केले नाही तर यांविषयीही पुढे एखाद्या गायकवृंद-प्रमुखाची कथाच उरेल.

यंत्र

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील ऑल्बनी येथे बॉब मॅकॉर्मॅक यांनी १९१९ मध्ये मिठाईचा कारखाना काढला. कँडी केन तेथेही बराच काळ हाताने वाकवली जाई आणि वाकवताना पुष्कळ मोडे. १९५० च्या दशकात त्यांचे मेहुणे ग्रेगरी केलर, जे कॅथलिक धर्मगुरू होते, यांनी पीळ देण्याचे व ठरावीक लांबीचे तुकडे करण्याचे यंत्र सिद्ध केले. पुढे वाकवण्याचे कामही यंत्राकडे गेले. धर्मगुरूचा आणि कँडी केनचा कागदोपत्री सिद्ध होणारा संबंध हा एवढाच, आणि तो प्रतीकाचा नसून तुटफूट कमी करण्याचा आहे, ही गोष्ट मोठी मौजेची वाटते.

यंत्रानंतर काठी इतकी स्वस्त झाली की ती घरी करण्याचे आर्थिक कारण उरले नाही. तरीही डिसेंबरमध्ये काही घरांतून साखर ओढली जाते. ग्रेनामध्ये दुकानांतील कारागीर आजही लोकांसमोर पांढरा लोळा आकड्यावर टाकून ओढतात, आणि त्याच गावात १९९७ पासून अमालियेचा पुतळा उभा आहे.