टोळाच्या पंखातले रबर

टोळ म्हटले की आपल्याला टोळधाड आठवते. मला मात्र टॉर्केल वाइस-फॉग आठवतात. हे डॅनिश शास्त्रज्ञ टोळाच्या उड्डाणाचा अभ्यास करत होते. पंखाच्या सांध्यात त्यांना रबरासारखे एक प्रथिन सापडले. १९६० साली त्यांनी ते जगापुढे मांडले; नाव ठेवले रेझिलिन. चतुराच्या अंगातली याच प्रथिनाची कंडरा आठवडेच्या आठवडे ताणून ठेवली, तरी सोडताच मूळ लांबीवर येई!

पण किड्याच्या अंगात ते असणार किती? चिमूटभरही नाही. अखेर २००५ साली ऑस्ट्रेलियात ख्रिस एल्विन आणि सहकाऱ्यांनी फळमाशीच्या जनुकाचा तुकडा जीवाणूत घालून ते प्रथिन तयार करवले आणि प्रकाशाच्या साहाय्याने त्याचे रेणू एकमेकांना सांधले. या रबराची लवचीकता भरली ९७ टक्के.

आपल्या रक्तवाहिन्यांतले इलॅस्टिन बहुतांशी लहानपणीच तयार होते. तेच जन्मभर पुरवायचे. ते झिजले की रक्तवाहिन्या ताठरतात. म्हणून मला हा शोध मोलाचा वाटतो. रेझिलिन रक्तवाहिनीत बसवण्यापर्यंत मजल अजून गेलेली नाही. पण शेतकऱ्याच्या या वैऱ्यानेच वाट दाखवली, हे विसरून चालणार नाही.