रुग्णशय्येपासून क्रीडांगणापर्यंत

कण्यास इजा होऊन ज्याचे कमरेखालचे अंग लुळे पडले, अशा सैनिकाची इस्पितळाच्या दफ्तरी नोंद होई ती, दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत, बहुधा मृत्यूच्या प्रतीक्षेतच. शय्याव्रण आणि मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग त्याचा अंत घडवीत, आणि त्याआधीच शिपाई, कारागीर, घरचा कर्ता या त्याच्या साऱ्या ओळखी गळून ‘असाध्य रुग्ण’ एवढीच एक शिल्लक राहिलेली असे.

ही समजूत डॉ. लुडविग गुटमान यांनी मोडली. नाझी राजवटीच्या छळामुळे १९३९ साली इंग्लंडच्या आश्रयास आलेल्या या ज्यू मज्जातंतुविशारदांनी १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेव्हिल येथील इस्पितळात कण्याच्या जखमींसाठी असलेल्या कक्षाचा कारभार हाती घेतला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याचा दंडक घालून त्यांनी प्रथम प्राण राखले, आणि राखलेल्या प्राणास प्रयोजनही हवे म्हणून खेळ हे उपचाराचेच अंग केले. त्यांत धनुर्विद्येला अग्रस्थान मिळाले ते सहेतुक. कारण पायांचे बळ गेलेल्या देहाचा तोल ज्या खांद्यांनी, बाहूंनी आणि पाठीने सांभाळावयाचा, त्यांचाच कस धनुष्य ओढताना लागतो, आणि लक्ष्यवेधात बसलेला मनुष्य उभ्याशी बरोबरीने झुंजू शकतो. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनदिनीच, स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १६ स्पर्धकांनी बाण सोडले. याच स्पर्धांतून पुढे अपंग खेळाडूंचे पॅरालिंपिक उभे राहिले; त्यासाठी १९६० साली रोममध्ये २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले.

या परंपरेत महाराष्ट्राचाही वाटा आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे फौजेतील मुष्टियोद्धे; १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले, पायांची शक्ती गेली, आणि मुष्टियुद्ध कायमचे सुटले. परंतु व्यायामोपचार म्हणून ते ज्या पाण्यात उतरले, त्याच पाण्याने त्यांच्यातील स्पर्धकाला नवे रिंगण दिले: १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैलीत ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी पॅरालिंपिकमधील भारताचे पहिले सुवर्णपदक मिळविले. सरकारने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ साली.

निवृत्तिवेतनाने जायबंदी मनुष्याचा चरितार्थ चालतो, परंतु आपण अद्याप कोणी आहोत ही जाणीव त्याला पराक्रमाची संधीच देऊ शकते. म्हणून आपल्या प्रत्येक जिल्हा इस्पितळालगत अशा रुग्णांसाठी क्रीडांगण आणि तलाव असणे हे दातृत्वाचे नव्हे, कर्तव्याचे काम आहे.